चाकांवरील घरातील वीज

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरील घर. काही कॅराव्हॅनमध्ये घर व इंजिन एकाच सांगाड्यावर असते, तर काही नुसत्या ट्रेलरच्या रूपात मोटारीमागे ओढल्या जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून अशा गाड्यांच्या तळासाठी जागा, पाणी, स्वच्छतागृहे व वीज यांची सोय कशी करावी, हा प्रश्न पर्यटनस्थळांजवळील गावांपुढेही येऊ लागला आहे. जागा व पाणी यांचे गणित ग्रामपंचायतींच्या परिचयाचे आहे. विजेचे मात्र तसे नाही. घरात बटण दाबले की दिवा लागतो. कॅराव्हॅनमध्ये तो किती वेळ लागेल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

या घरात विजेच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. दिवे, पंखा, पाण्याचा लहान पंप व बहुधा शीतपेटी ही साधने बॅटरीच्या १२ व्होल्ट दाबावर चालतात. मिक्सर, वातानुकूलन यंत्र, गिझर यांना मात्र घरगुती २३० व्होल्टचा पुरवठा लागतो. तो तळावरील सॉकेटमधून किंवा जनित्रातून घेता येतो, अथवा बॅटरीच्या विजेचे इन्व्हर्टरद्वारे रूपांतर करून मिळविता येतो. तळावर जोडणी असताना चार्जर हीच वीज १२ व्होल्टवर आणून बॅटरी भरतो.

बॅटरीवर १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. या दोन आकड्यांचा गुणाकार १,२०० वॉट-तास होतो. म्हणजे घरच्या वीजबिलातील सव्वा युनिटही नव्हे. त्यातही शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरण्याजोगे ६०० वॉट-तासच धरावेत. लिथियम बॅटरी मोठ्या प्रमाणात रिकामी करता येते; पण तिची किंमत अधिक व तिचा चार्जरही तिला साजेसा हवा. शिसे-आम्लाच्या बॅटरीची स्थिती व्होल्टमापकावरून ढोबळमानाने कळते. भार काढून काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या वर असल्यास ती भरलेली समजावी, १२.१ च्या आसपास असल्यास निम्मी. दिवे चालू असताना घेतलेली नोंद फसवी असते.

आता चौघांच्या कुटुंबाचा एक दिवस घेऊ. ५ वॉटचे चार एलईडी दिवे चार तास लागले तर ८० वॉट-तास खर्च होतात. ३० वॉटचा पंखा आठ तास फिरला तर २४०. चार भ्रमणध्वनी भरण्यास सुमारे ६० आणि ६० वॉटचा पंप अर्धा तास चालल्यास ३०. शीतपेटीचा कॉम्प्रेसर ५० वॉटचा व तो दिवसभरात मिळून दहा तास चालतो असे धरल्यास एकटी ती ५०० वॉट-तास घेते. एकूण बेरीज ९१० होते. एका बॅटरीच्या ६०० मध्ये हे बसत नाही, आणि पहाटे शीतपेटी बंद पडून दूध नासते ते यामुळेच. दोष बहुतेक वेळा बॅटरीला दिला जातो. वस्तुतः बेरीज कोणी केलेलीच नसते.

या हिशेबात वातानुकूलन यंत्र धरलेले नाही, हे सुज्ञ वाचकाच्या ध्यानात आले असेल. १,२०० वॉटचे यंत्र सलग चालल्यास ६०० वॉट-तास अर्ध्या तासात संपतात. इन्व्हर्टरमधील घट धरता तेवढाही वेळ मिळत नाही. शिवाय १२ व्होल्टवरून १,२०० वॉट घ्यावयाचे तर १०० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, आणि त्यासाठी अत्यंत जाड व आखूड केबल लागते. बारीक वायर तापते आणि आग लागू शकते. यास्तव बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज असलाच पाहिजे.

खर्च झालेली वीज भरून काढण्यासाठी ३०० वॉटचे सौर पॅनेल पुरेसे वाटते. पाच तासांचे चांगले ऊन व काही घट धरल्यास ते सुमारे १,००० वॉट-तास देते. पण हे एप्रिलमधील गणित झाले. जुलैत कोकणात ते लावू नये, तसेच गर्द झाडाच्या सावलीत गाडी उभी करून पॅनेलकडून अपेक्षाही ठेवू नये. गाडी धावताना इंजिनावरील अल्टरनेटरकडूनही बॅटरी भरता येते. मात्र घरची बॅटरी व इंजिन सुरू करणारी बॅटरी मुक्कामाच्या वेळी एकमेकींपासून आपोआप अलग होतील अशी योजना हवी. नाहीतर सकाळी गाडीच सुरू होत नाही.

तळावरील जोडणी हा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. १६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्टवर ३,६८० वॉट देते. अमेरिकेतील ट्रेलरांची ३० अँपिअरची जोडणी मोठी वाटते. परंतु तेथील दाब १२० व्होल्ट असल्याने तीतूनही ३,६०० वॉटच मिळतात. एवढ्यात वातानुकूलन यंत्र व २,००० वॉटचा गिझर एकत्र चालतील, पण त्याच वेळी १,५०० वॉटची किटली लावल्यास एमसीबी पडेल. ती वारंवार पडते म्हणून अधिक अँपिअरची बसविणे हा उपाय नव्हे. एमसीबी वायरीचे रक्षण करते, किटलीची सोय पाहत नाही.

याहून गंभीर बाब अर्थिंगची. कॅराव्हॅन ही रबरी टायरांवर उभी असलेली धातूची पेटी आहे. आत एखादी फेज वायर सोलवटून पत्र्याला टेकली आणि अर्थची जोडणी नसली, तर संपूर्ण गाडीच्या अंगात वीज उतरते. आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराची कडी धरणाऱ्या मुलाला मात्र प्राणघातक धक्का बसू शकतो. प्लगची तिसरी पिन काढून टाकणे, दोन तारांची केबल वापरणे किंवा खांबावर आकडा टाकणे या गोष्टी म्हणूनच अक्षम्य आहेत. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असावा व त्याचे चाचणी-बटण दरमहा दाबून पाहावे. अर्थ चांगली असल्यास तो स्पर्श होण्यापूर्वीच पुरवठा तोडतो. अर्थ नसल्यास माणसाच्या शरीरातून प्रवाह वाहू लागल्यावरच त्याला बिघाड कळतो.

जोडणी करताना गाडीतील मुख्य स्विच बंद ठेवून केबल आधी गाडीला व नंतर खांबावरील सॉकेटला लावावी. काढताना क्रम उलटा. केबल तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असावी. जास्तीची लांबी गुंडाळून ठेवू नये, कारण वेटोळ्यातील केबल भाराखाली तापून वितळते.

जनित्र खिडकीखाली अथवा बंदिस्त जागेत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

दहा कॅराव्हॅनच्या तळाचा कमाल भार ३६.८ किलोवॉट होतो. सर्व गाड्या एकाच क्षणी पूर्ण भार घेतील असे नाही. तथापि उन्हाळ्याच्या दुपारी सर्वांची वातानुकूलन यंत्रे एकदमच चालू असतात, हे मंजूर भाराचा अर्ज करताना ध्यानात घ्यावे. जोडणी तीन फेजची घेऊन गाड्या तिन्ही फेजवर सारख्या वाटाव्यात. न्यूट्रल वायर पक्की आहे की नाही, हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून हंगामापूर्वी तपासून घ्यावे. ती तुटल्यास कमी भार असलेल्या फेजवरील दाब २३० व्होल्टच्या कितीतरी वर जातो, आणि त्या फेजवरील गाड्यांचे चार्जर व शीतपेट्या जळून जातात.