पेडल काय सांगतंय ते आधी ऐक

भाच्या, पुढचे कॅलिपर आणि पॅड नवे, मागचे लाइनर नवे, आणि पेडल मात्र पाय ठेवताच खोल जातंय. आता मास्टर सिलिंडरही बदलून टाकतो म्हणतोस. थांब जरा. हे काम करायच्या आधी गाडी नीट थांबत होती ना? मग दोष बहुतेक तू ज्या ज्या जागी पाना लावलास तिथेच आहे. जुनी हायलक्स अशीच एकेक पार्ट बदलत बसलास तर जेद्दाच्या सनाइयातल्या, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीतल्या, दुकानदाराचं घर चालेल, गाडी नाही. आणि हे मिटेपर्यंत ती गल्लीबाहेर काढू नकोस. शरफियाच्या गर्दीत ब्रेकची परीक्षा घ्यायची नसते.

आधी इंजिन बंद ठेव आणि पेडल चार-पाच वेळा दाब. प्रत्येक दाबाला ते वर वर येऊन कडक होत असेल तर दोनच शक्यता: लाइनमध्ये हवा आहे, किंवा मागचे लाइनर ड्रमपासून लांब राहिलेत. आता एकसारखा जोर देऊन पाय तसाच धरून ठेव. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टरच्या आतलं रबर ऑइल मागे सोडतंय. तेव्हा कुठे मास्टरचा विचार करायचा. मग पाय ठेवूनच इंजिन चालू कर. पेडल किंचित खाली गेलं तर घाबरू नकोस, बूस्टर काम करतोय एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ जण याच खाली जाण्याला दोष समजतात आणि चांगला पार्ट काढून फेकतात.

मागच्या लाइनरची परीक्षा त्याहून सोपी. हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून पेडल दाब. ते एकदम उंचावर लागलं तर हवा काढत बसू नकोस, ड्रममधला ॲडजस्टर फिरव. चाक हाताने फिरवताना लाइनर हलकेच घासल्याचा आवाज आला की दोन-चार दाते मागे घ्यायचे. डावीकडचा आणि उजवीकडचा ॲडजस्टर वेगळ्या आट्यांचा असतो. खोलताना अदलाबदल झाली असेल तर तो आपोआप जवळ येण्याऐवजी लांब जात राहील. माझ्या अनुभवात ‘नवे लाइनर घातले आणि ब्रेक बिघडला’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

मागचं ठीक असेल तर पुढच्या चाकांशी जा आणि कॅलिपरचं निप्पल कुठे आहे ते बघ. ते कॅलिपरच्या वरच्या टोकाला असायला हवं. खाली असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय. दोन्ही दिसायला सारखे, बोल्टही लागतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण हवा नेहमी वर जमते. निप्पल खाली असेल तर बाटल्यामागून बाटल्या ऑइल ओतलंस तरी हवा आतच राहील. तसं असेल तर कॅलिपर अदलाबदल कर, दुसरा उपाय नाही.

हवा काढायचा क्रम मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू होतो. खेडच्या गॅरेजात तू मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायचास, कारण तिथे स्टेअरिंग उजवीकडे आणि मास्टरही त्याच बाजूला. इथे सगळं उलट आहे. स्टेअरिंग डावीकडे, म्हणून मागचं उजवं, मग मागचं डावं, मग पुढचं उजवं आणि शेवटी पुढचं डावं. काही गाड्यांच्या ब्रेक लाइन तिरक्या जोडलेल्या असतात, त्यांचा क्रम निराळा. तुझी हायलक्स तशी नाही.

तिच्यात मात्र एक वेगळी गोष्ट आहे. मागच्या ॲक्सलला जोडलेला, ओझ्याप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. हौदा रिकामा असला की तो मागचा जोर कमी करतो, भरला की वाढवतो. चेसिसखाली जॅक लावून मागची चाकं लोंबकळत ठेवलीस तर त्याला वाटतं गाडी अगदीच हलकी झाली, आणि तो मागचं ऑइल अडवतो. म्हणून हवा काढताना ॲक्सलचा भार चाकांवर नाहीतर ॲक्सलखालच्या स्टँडवर असू दे. त्या व्हॉल्व्हला स्वतःचं निप्पल असतं, तिथली हवाही काढायची. ते विसरणारेच जास्त.

पेडलवर कोणाला तरी बसव, पण त्याला आधी समजावून सांग. पेडल हळू दाबायचं, आणि तू निप्पल घट्ट करून ‘सोड’ म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. त्याने आधीच पाय उचलला तर गेलेली हवा परत आत. निप्पलला पारदर्शक नळी लाव आणि तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेव, म्हणजे बुडबुडे दिसतील. टाकीतलं ऑइल संपू देऊ नकोस, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. पेडल पार जमिनीला टेकवू नकोस. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन ज्या भागात कधी गेलेला नसतो तिथे गंज असतो, आणि तो रबराची कड कापतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. चांगला मास्टर हवा काढतानाच खराब करून मग ‘पार्टच खराब होता’ म्हणणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिलेत.

ऑइल डॉट 3 की डॉट 4, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, त्याप्रमाणेच घे. दोन्ही हवेतला ओलावा शोषतात, आणि जेद्दाची हवा तर समुद्राची. रात्रीसुद्धा काचा घामेजतात. आधी उघडलेली बाटली परत वापरू नकोस. कोरडं डॉट 3 साधारण 205 अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं 140 च्या आसपास. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा एक थेंबही जाऊ देऊ नकोस, सगळी रबरं फुगून बसतील. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मार, रंग सुटतो.

एवढं करूनही पेडल स्पंजासारखं लागलं तर होज पाइपांकडे बघ. एकाने पेडल जोरात दाबावं, दुसऱ्याने पाइप हातात धरावा. फुगताना जाणवला किंवा वरून चिरा दिसल्या तर सगळेच बदल, एकटा नको. कॅलिपरच्या पिना ग्रीस नसल्याने अडकल्या असतील तर पॅड तिरका दाबला जातो, तेव्हाही पेडल असंच लागतं. आणि ब्रेकचं रबर तश्लीहमधून, म्हणजे भंगारातल्या गाड्यांचं, कधी आणू नकोस. दरवाजा आण, बंपर आण, आरसा आण. रबर बंद डब्यातलं, नवं. ‘तिजारी’, म्हणजे मूळ कंपनीचं नसलेलं, स्वस्त पडतं, पण ब्रेकपुरते असली पार्टचे पैसे मोज.

उन्हाळ्यात हे काम रात्री, इशाच्या नमाजानंतर कर. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12 ते 3 उघड्या उन्हात काम करवून घ्यायला सरकारचीच बंदी आहे, आणि ती उगाच नाही.

पेडल कडक लागलं की आधी रिकाम्या मैदानात, हळू वेगात, दहा-बारा वेळा हलका ब्रेक मारून पॅड बसू दे. सुरुवातीलाच करकचून दाबून गाडी उभी करू नकोस. मग खरी परीक्षा ताइफच्या घाटात. मक्का ओलांडून हदाचा डोंगर चढलास की आपला कशेडी घाट लहान वाटेल. ताइफ 1,800 मीटरच्या आसपास उंचावर आहे, आणि उतरताना वळणांवर वळणं. खालच्या गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. वर थंडीत पेडल कडक आणि निम्म्या उतारावर मऊ झालं, तर ऑइलमध्ये पाणी आहे, ते उकळतंय. तेव्हा गाडी बाजूला लावून थंड होऊ दे, आणि घरी आल्यावर सगळं ऑइल बदल. घरापासूनच मऊ असेल तर मात्र हवा राहिलीय, ताइफला निघूच नकोस.

फहसला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, जाशील तेव्हा रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. नुसतं पास-नापास विचारून परत फिरू नकोस, कागद मागून घे आणि मागच्या डाव्या-उजव्या चाकांचे आकडे शेजारी ठेवून बघ. फरक जास्त असला तर ज्या बाजूचा आकडा कमी, त्या बाजूचा ॲडजस्टर पुन्हा उघड.