माकडशिंगी परसात लावा

चैत्र-वैशाखात माळावरचे गवत वाळते. विहिरी तळ गाठतात. पण दगडाच्या आडोशाला, काटेरी झुडपाच्या बुडाशी एक झाड तग धरून असते. ती माकडशिंगी. गुराखी पोरं ती मोडून कच्चीच खातात. बायका तिची भाजी करतात, लोणचं घालतात. दुष्काळात लोकांनी तिच्यावर पोटाची भूक भागवली आहे.

ती उन्हात जगते कशी? तिचे खोड चौधारी, बोटाएवढे जाड नि रसाने भरलेले असते. पावसाचे पाणी ती खोडात साठवते. पाने अगदी बारीक. तीही गळून जातात. बहुतेक झाडे दिवसा अंगावरची बारीक छिद्रे उघडतात. त्यांतून पाणी उडून जाते. माकडशिंगी छिद्रे रात्रीच्या गारव्यात उघडते. शहाणी कारभारीण रांजणातले पाणी जपते ना, तसेच हे.

पण आता ती माळावर कमी दिसते. वजन उतरवण्याच्या औषधांसाठी तिला मागणी आहे. लोक ती मुळासकट उपटतात. मूळ गेले की झाड गेले! म्हणून आम्ही म्हणतो, मूळ राखा, एकच कांडी आणा आणि परसात लावा.

आधी ओळख पक्की करा. निवडुंगाचे कोवळे कोंबही असेच दिसतात. पण निवडुंगाला काटे असतात नि मोडला की पांढरा चीक येतो. तो चीक विषारी असतो. डोळ्यांत गेला तर डोळा जायची भीती! माकडशिंगीला काटे नसतात. तिचा रस पाण्यासारखा असतो. शंका आली तर तोंडात घालू नका. जाणत्या माणसाला दाखवा.

आता लावायची रीत बघा. चार बोटे लांब कांडी घ्या. चार-पाच दिवस सावलीत ठेवा. कापलेली जागा सुकू द्या. बुडाला भोक असलेला फुटका माठ चालेल. दोन वाटे मुरूम नि एक वाटा माती भरा. कांडी दोन बोटे खोल खोचा. आठ दिवस पाणी देऊ नका. मग माती पुरती वाळली की थोडे द्या. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नका. ही पाण्यावाचून मरत नाही, पाण्याने कुजते!

झाड वाढले की शेजाऱ्याला एक कांडी द्या.

प्रश्न
१. माकडशिंगी पाणी कुठे साठवते?
२. निवडुंग कसा ओळखाल?
३. कांडी आधी का सुकवायची?