विंचवावर गोळी, मग सापावर का नाही?

प्रश्न : महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर साध्या गोळीचा उपचार शोधला, असे वाचले. प्रयोगशाळा नसताना हे कसे जमले? आणि सर्पदंशावर अशी गोळी का नाही?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी पहिला सोडवू.

संशोधन म्हटले की आपल्याला पांढरे कोट आणि काचेची भांडी आठवतात. बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा त्यांच्याजवळ होते ते रुग्ण, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि वही. लाल विंचू चावलेला माणूस घामाने निथळतो, हातपाय गार पडतात आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरते. हे सारे त्यांनी उशाशी बसून टिपले. १९८२ मध्ये त्यांच्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. होऊनही ते महाडलाच परतले.

गोळीचे कारण त्या नोंदींतच होते. विंचवाचे विष नसांना चेतवते, शरीरात अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण येतो. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्रॅझोसिन ही रक्तदाबाची गोळी तेव्हा बाजारात होतीच. तिच्याविषयी त्यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. पुढे विंचवाची प्रतिलसही हाती आल्यावर त्यांनी दोन गट करून तुलना केली. गोळीसोबत लस दिलेले रुग्ण नुसत्या गोळीवरच्या रुग्णांपेक्षा लवकर सावरले, आणि २०११ मध्ये ‘बीएमजे’ या नियतकालिकात त्यांनी तसेच मांडले. स्वतःचा उपचार असा तपासून घेणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता साप. लाल विंचवाच्या दंशात मुख्य घोळ एका वाटेने होतो, म्हणून एक गोळी बरेच काम करते. सापांचे तसे नाही. नाग आणि मण्यार स्नायूंना मिळणारा नसांचा निरोप तोडतात, तोही वेगवेगळ्या ठिकाणी. घोणस आणि फुरसे रक्ताची गोठण्याची शक्ती संपवतात. त्यामुळे दवाखान्यात साप न पाहताही निदानाला सुरुवात होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात, मग तिरकी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरसे असल्याचा दाट संशय. साप मारून पिशवीत आणायची गरज नाही.

आपल्याकडची प्रतिलस या चारही सापांवर चालते. घोड्यांना विषाचे थोडे थोडे डोस देऊन त्यांच्या रक्तातून ती तयार होते. लहान मुलाला लस कमी लागते, हा मोठा गैरसमज आहे. साप वजन पाहून विष सोडत नाही, त्यामुळे मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच बाटल्या लागतात.

गोळीचा प्रयत्न मात्र चालू आहे. मॅथ्यू लेविन हे अमेरिकेतले आपत्कालीन विभागाचे डॉक्टर. कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सर्पतज्ज्ञ जो स्लोविन्स्की २००१ मध्ये म्यानमारच्या जंगलात मण्यारीच्या दंशाने गेले. अशा वेळी दवाखान्यापर्यंत पोहोचेतो काय द्यायचे, हा प्रश्न लेविन यांना त्या मृत्यूने घातला. बहुतेक विषारी सापांच्या विषात कमीअधिक प्रमाणात सापडणाऱ्या ‘फॉस्फोलायपेज ए२’ या घटकाला अडवणारे वॅरेस्प्लॅडिब त्यांनी निवडले. हेही प्रॅझोसिनसारखे आधीचेच औषध, हृदयविकारासाठी तपासलेले आणि तिथे अपयशी ठरलेले. भारत आणि अमेरिकेतल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. ठरवलेले मुख्य उद्दिष्ट साधले नाही, पण लवकर औषध मिळालेल्यांत फायद्याची चिन्हे दिसली.

तेव्हा घरात ठेवावी अशी गोळी आज नाही. दंशाची जागा कापू नका, आवळून बांधू नका. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि कोल्हापुरात असाल तर थेट सीपीआर रुग्णालय गाठा.