गाठ वाढते तेव्हा



धडगाव भागातल्या एका पाड्यावर चौदा वर्षांची मुलगी गळ्यातल्या गाठीच्या टीबीवर औषध घेत होती. दीड महिन्याने गाठ लिंबाएवढी झाली आणि शेजारी दुसरी आली. बापाने गोळ्या बंद केल्या. "ताई, औषधानंच वाढतंय," तो म्हणाला. चूक माझीच होती. गोळ्या सुरू केल्या की गाठ विरत जाईल, एवढेच मी त्याला सांगितले होते.

टीबीचे जंतू बहुधा श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि तेथून गाठी, मणका, मेंदूचे आवरण, कुठेही पोहोचतात. रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण हे जंतू गिळल्यावरही आत जिवंत राहतात. मग आणखी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि भोवती कडे करतात. आपल्याला हाताला लागते ती गाठ बरीचशी या पेशींचीच गर्दी असते. जंतू त्यात थोडे. म्हणून बेडका तपासून उपयोग होत नाही, सुईने गाठीतला अंश काढावा लागतो. छातीत पाणी होते, तेही मुख्यतः या प्रतिकारामुळेच.

औषधाने जंतू मरू लागले की त्यांचे अवशेष मोकळे होतात. सावरलेली प्रतिकारशक्ती त्यांवर जोराने तुटून पडते. काही रुग्णांची गाठ त्यामुळेच वाढते, कधी फुटतेही. अर्थात औषधाला दाद न देणारा टीबीही असाच दिसू शकतो. तेव्हा निर्णय डॉक्टरांचा. गोळ्या मात्र आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत.

कुपोषित मुलांत उलटही घडते. प्रतिकारच दुबळा, त्यामुळे हातावर सुई टोचून केलेली चाचणी आजार असूनही फुगत नाही. आपण पाठवता त्या डाळ-शेंगदाण्याची किंमत मला अशा वेळी कळते. रुग्णाला शासनाकडून पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात, पण त्यासाठी बँक खाते लागते, आणि तिथेच अनेकांचे अडते.

रविवारच्या भक्तीला या मुलीला वेगळे बसवत होते. नुसत्या गाठीचा टीबी शेजारी बसून लागत नाही, हे मी तिथेच उभी राहून सांगितले.

डॉक्टरांनी गाठीतला पू काढून पुन्हा तपासला आणि तीच औषधे चालू ठेवली. आता गाठ वाटाण्याएवढी आहे. सहा महिन्यांचा कोर्स पुरा व्हायला अजून वेळ आहे, आणि बाप गोळ्या संपण्याआधी स्वतः दवाखान्यात जातो. दोघांसाठी प्रार्थना करा.