जिल्ह्याची श्रेणी आणि आपली शाळा

प्रश्न : सरकार आमच्या जिल्ह्याच्या शालेय शिक्षणाला श्रेणी देते, तीवरून मुलाच्या शाळेची पारख करावी काय? — एक पालक, इतवारा, बऱ्हाणपूर

उत्तर : करू नये. ही श्रेणी ज्यावरून ठरते तो केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा निर्देशांक जिल्ह्याच्या समग्र कारभाराचे मापन करतो, एकेका शाळेचे नव्हे. त्यातील ६०० गुणांपैकी २९० फलितांना, ९० वर्गातील अध्यापनाला आणि उरलेले सोयी, सुरक्षितता, संगणकीय शिक्षण व प्रशासन यांना वाटलेले असून, नव्वद टक्क्यांवर पोहोचलेला जिल्हा ‘दक्ष’ म्हणवला जातो. पुष्कळसा तपशील शाळांनीच आपल्या दप्तरातून यू-डायस या सरकारी शालेय माहिती-प्रणालीला कळवलेला असतो. तेव्हा नळाची नोंद ही पाण्याची ग्वाही नव्हे. शिवाय २००३ साली खंडव्यातून वेगळ्या झालेल्या या सीमावर्ती जिल्ह्यात, जेथे हिंदी, मराठी व उर्दू शेजारी नांदतात, तेथे घरच्या भाषेहून निराळ्या भाषेत शिकणाऱ्या मुलाची अडचण सरासरीच्या आकड्यात लोपून जाते, आणि मला हीच उणीव सर्वांत गंभीर वाटते. म्हणून आपण घटकवार गुण पाहावेत व शाळा व्यवस्थापन समितीत, जिचे तीन-चतुर्थांश सभासद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये पालकच असावे लागतात, या गुणांविषयी रीतसर विचारणा करावी.