साखरेऐवजी गोळी : समज, गैरसमज आणि काळजी



मागच्या गट मेळाव्यात खोडव्यातील पाचट कुजविण्याची माहिती सांगून झाली आणि चहा आला. एका जुन्या सभासदांनी खिशातून डबी काढून कपात बारीक गोळी टाकली. शेजारचे म्हणाले, "तात्या, सभासद-साखर घरी न्यायची आन् चहात गोळी टाकायची, ही कारखान्याशी बेइमानी न्हाई का?" सगळे हसले, तात्या मात्र गप्प झाले. जाताना आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारले, "साहेब, ह्या गोळीनं कॅन्सर होतो म्हणत्यात. खरं काय?"

आम्ही डॉक्टर नव्हे. पण तीन वर्षांपूर्वी आमच्याही रक्तात साखर निघाली, तेव्हापासून या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले. साखर पिकविणाऱ्याने गोळीची निंदा करणे सोपे असते. म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

१) गोळीत असते काय?

सॅकरीन सर्वांत जुने. १८७९ साली अमेरिकेत कोळशाच्या डांबरापासून निघालेल्या पदार्थांवर काम करताना फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला गोड चव लागली, तेच हे. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड, मागून थोडे कडवट.

अ‍ॅस्पार्टेम १९६५ साली सापडले. ते सुमारे २०० पट गोड. उष्णतेने त्याची गोडी जाते, म्हणून ते उकळत्या पदार्थात घालू नये. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांना ते पूर्ण वर्ज्य आहे.

सुक्रालोज तर आपल्या साखरेपासूनच बनते. १९७६ साली लंडनमध्ये शशिकांत फडणीस या भारतीय संशोधकांना एक पदार्थ तपासायला सांगितले होते. त्यांनी 'चाखून बघ' असे ऐकले आणि चाखला, असे सांगतात. साखरेच्या कणातील तीन जागी क्लोरिन बसवल्याने तो सुमारे ६०० पट गोड झाला आणि त्यातील बहुतेक भाग अंगी न लागता बाहेर पडतो.

स्टीव्हिया ही पॅराग्वेकडील वनस्पती. तिच्या पानातील शुद्ध केलेला गोड अंश २०० ते ३०० पट गोड असतो.

२) कॅन्सरचे काय?

भीती निराधार नव्हती. १९७७ साली उंदरांना भरमसाट सॅकरीन दिल्यावर मूत्राशयात गाठी झाल्या आणि अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला. बंदी झाली नाही, पण डब्यावर इशारा छापणे सक्तीचे झाले. पुढे कळले की उंदराच्या लघवीत ज्या प्रकारे हे घडते तसे माणसात घडत नाही. २००० साली तो इशारा काढण्यात आला.

२०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे एवढाच. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली : शरीराच्या दर किलो वजनाला ४० मिलिग्रॅम.

मात्रेचे गणित आपल्याला नवे नाही. जस्त पिकाला लागते, पण पोतेच्या पोते ओतले तर जमीन बिघडते. ७० किलो वजनाच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला साखरविरहित शीतपेयाचे ९ ते १४ डबे एका दिवसात प्यावे लागतील. तात्यांच्या दोन-चार गोळ्या त्यापासून फार लांब आहेत.

३) वजन उतरते का?

इथे मात्र थांबून विचार करावा. दिवसाला सहा कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर १२ चमचे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक होतात. गोळीने ते वाचतात, हे खरे. पण "साखर सोडलीय ना" म्हणून माणूस दोन भजी जास्त खातो आणि हिशेब जागेवर येतो. शिवाय जिभेची गोडाची ओढ तशीच राहते.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व अभ्यास तपासून सांगितले की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोड पदार्थांवर विसंबू नये. दीर्घकाळात त्यांचा फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना मात्र हा सल्ला लागू केलेला नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

४) गुळाचा गैरसमज

ही चूक आम्ही स्वतः केली. साखर बंद करून आठ महिने गुळाचा चहा घेतला, वर लोकांनाही सांगत फिरलो. तपासणीत रक्तातील साखर वाढलेलीच निघाली. निघणारच! गूळही त्याच उसाचा, आणि त्यात मुख्य भाग साखरेचाच. उसाचे पदविकाधारक असून हे आमच्या ध्यानात येऊ नये, याची लाज वाटली. खनिजे थोडी असतात, पण मधुमेहाला गूळ आणि साखर सख्खे भाऊ.

५) हे मात्र पक्के लक्षात ठेवा

इन्सुलिन किंवा मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने उपाशीपोटी फडात काम केले, तर साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे. अशा वेळी गोड गोळी काहीच कामाची नाही. खरी साखरच हवी : तीन चमचे पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. अशा सभासदांनी साखरेची पुडी कायम खिशात ठेवावी.

६) मग करावे काय?

एकदम गोळीकडे जाण्याआधी चमचा कमी करा. दर पंधरवड्याला अर्धा चमचा उतरवला तर जीभ कुरकुर करीत नाही. निरोगी माणसाने दिवसाची एकूण साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आसपास ठेवावी. यात बिस्किटे, मिठाई, शीतपेये सगळे आले. 'साखरविरहित' बिस्किटातही मैदा आणि तूप असतेच. लहान मुलांना आणि गरोदर भगिनींना डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या देऊ नयेत.

काही सभासद म्हणतील, आपलेच अधिकारी साखर कमी खा सांगतात, मग उसाचे काय? बंधूंनो, आजारी सभासदाच्या शेतात एकरी टनेज वाढत नाही. आज उसापासून इथेनॉल होते, वीज होते. कारखाना तात्यांच्या दोन चमच्यांवर उभा नाही. तो तात्यांवर उभा आहे.

तेव्हा तात्या, गोळी टाका, बेताने टाका. यात बेइमानी काही नाही. आणि सभासद-साखरेतली एक पुडी खिशात असू द्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी