चार बहिणींचा धडा



आजच्या पाठात आम्ही एका आजाराविषयी लिहीत आहोत. घरात त्याचे नाव सहसा मोठ्याने घेतले जात नाही. जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही, असा हा जन्मजात दोष. मूल लहान असते तोवर आई त्याला डोळ्यांत तेल घालून जपते. पण तेच मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की आईच्या नजरेआड जाऊ लागते. लोद, अश्दोद, मुंबई किंवा आमचे बॉथेल, सगळीकडे हेच. मुले एकटी शाळेत जातात, मैदानावर जातात; इकडे तर सोळाव्या वर्षी मोटारही चालवतात. मग आजार सांभाळायचा कोणी? आमचे उत्तर असे की, घरच्या वडील माणसांना जे ठाऊक आहे ते सारे मुलांना वेळेवर सांगावे. हा धडा आपल्या समाजाला फार जुना आहे.

तालमूदच्या येवामोत ह्या भागात गालीलमधील त्सिपोरी गावच्या चार बहिणींची हकिगत आहे. पहिलीच्या मुलाची सुंता केली आणि तो दगावला. दुसरीचा दगावला, तिसरीचाही दगावला. चौथी आपले बाळ घेऊन रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्याकडे आली. त्यांनी सांगितले की ह्या बाळाची सुंता करू नये. ही गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील. चौघींचे नवरे वेगळे, घरे वेगळी. समान होते ते फक्त त्यांच्या आईचे रक्त. पुढे रामबाम यांनी, जे स्वतः वैद्य होते, बाराव्या शतकात लिहिले की एका बाईचे दोन मुलगे असे गेले असतील, तर तिसऱ्याची सुंता तो मोठा होऊन अंगाने सशक्त होईपर्यंत थांबवावी. मग त्या मुलांचा बाप एक असो वा वेगवेगळा. कारण सुंता मागाहून करता येते, गेलेला जीव मागाहून आणता येत नाही.

हिमोफिलिया हे नाव त्या काळी नव्हते. हा दोष पुरुषांत दिसतो पण बायकांकडून पुढे जातो, हे फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन ऑटो यांनी १८०३ साली लिहिले. आपल्या रब्बींनी ते सोळाशे वर्षे आधी ओळखले, आणि ओळखले ते बहिणी एकमेकींशी बोलल्या म्हणून. पहिल्या तिघींनी आपले दुःख लपविले असते तर चौथीचे बाळही गेले असते.

आता रक्त कसे थांबते ते पाहू. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावतात आणि घागरी हातोहात पोचवतात. रक्तातही तसेच घडते. जखमेवर प्रथम प्लेटलेट गोळा होतात. मग फॅक्टर नावाची प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी धाग्यांची घट्ट जाळी विणली जाते. हा क्रम १९६४ साली इंग्लंडात मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत अर्ल डेव्ही व ऑस्कर रॅटनॉफ यांनी मांडला. डेव्ही हे आमच्या शेजारच्या सिएटलला, वॉशिंग्टन विद्यापीठात होते. रांगेतील आठव्या क्रमांकाचा फॅक्टर कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर हिमोफिलिया बी.

हे दोन्ही दोष एक्स गुणसूत्रावर असतात. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मी. बाप आजारी असेल तर त्याच्या सर्व मुली वाहक होतात. मुलग्यांना मात्र त्याच्याकडून आजार येत नाही. सुमारे एक तृतीयांश घरांत पूर्वी कोणालाच नसताना आजार नव्याने उद्भवतो. म्हणून कोणाच्याही कुळाला नावे ठेवू नयेत.

मुलींना हे होतच नाही, ही समजूत खोटी आहे. वाहक मुलीचे रक्तही कमी-अधिक वाहू शकते. शिवाय फोन विलेब्रँड नावाचा आजार मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. फिनलंडच्या ओलांड बेटांवरील योर्दिस नावाच्या मुलीला पाचव्या वर्षी डॉक्टर एरिक फोन विलेब्रँड यांनी तपासले आणि १९२६ साली त्या कुटुंबाविषयी लेख लिहिला. पुढे योर्दिस तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीच्या रक्तस्रावाने वारली. तेव्हा औषध नव्हते, आज आहे. पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, तासातासाला पॅड बदलावे लागत असेल, मुलगी फिकट पडून थकत असेल, तर "बायकांना असेच असते" म्हणून तिला गप्प करू नये. रक्त तपासावे.

वयात येणाऱ्या मुलामुलींनी पुढील गोष्टी स्वतः शिकाव्यात.

१. आपल्या आजाराचे पूर्ण नाव, फॅक्टरचे प्रमाण आणि औषधाचा डोस पाठ असावा. हिमोफिलियात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, एक ते पाच मध्यम, त्यावर चाळीसपर्यंत सौम्य. नुसते "रक्ताचा आजार" म्हणणे पुरत नाही. फॅक्टर पाच लायडनसारख्या दोषात उलट रक्ताच्या गुठळ्या होतात आणि उपचारही उलटा असतो.

२. गुडघा, घोटा किंवा कोपर आतून ऊबदार लागले, मुंग्या आल्या, की सूज येण्याची वाट पाहू नये. औषध तेव्हाच घ्यावे. सामना चुकेल म्हणून मुले दुखणे लपवतात. पण सांध्यात वरचेवर रक्त साचले तर सांधा कायमचा झिजतो.

३. डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसले तरी प्रथम फॅक्टरचे औषध, आणि लगेच इस्पितळ.

४. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. इकडे त्यालाच टायलेनॉल म्हणतात.

५. पोहावे, चालावे, हेल्मेट घालून सायकल चालवावी. स्नायू बळकट असले की सांधे वाचतात. मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल नको.

६. शिरेतून औषध घ्यावे लागत असेल तर उपचार केंद्रात शिकून ते स्वतः टोचण्याची सवय करावी. आजाराचे नाव कोरलेले कडे मनगटात असावे. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना आधी कळवावे.

आता सांगण्याविषयी. सांगितले की लोक दूर करतात, ही भीती निराधार नाही. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट ह्या हिमोफिलियाच्या मुलाला दूषित औषधातून एड्सचा विषाणू गेला. १९८५ साली, तो तेरा वर्षांचा असताना, त्याला शाळेत येण्यास मनाई झाली. तो आणि त्याची आई गप्प बसली नाहीत. न्यायालयात लढून तो शाळेत परतला. १९९० साली अठराव्या वर्षी तो वारला. त्याच वर्षी अमेरिकेने एड्सच्या रुग्णांसाठी केलेल्या कायद्याला त्याचे नाव दिले. औषधाची ती जुनी भीती आज बाळगण्याचे कारण नाही. रक्तदात्यांवाचून प्रयोगशाळेत तयार केलेला फॅक्टर आठ अमेरिकेत १९९२ पासून मिळतो, आणि हिमोफिलिया ए साठी कातडीखाली टोचण्याचे एमिसिझुमॅब २०१७ पासून आले आहे.

आपल्याकडे भीती असते ती लग्नाची. "मुलीचे जमणार नाही" म्हणून आजी बोलत नाही, आई बोलत नाही, आणि मुलगी काही ठाऊक नसताना बाळंत होते. वाहक मुलीचे डॉक्टर बाळंतपणात चिमटा किंवा व्हॅक्यूम टाळतात, नाळेचे रक्त तपासतात, आणि निकाल येईपर्यंत आठव्या दिवसाची सुंता थांबवता येते. मागाहून रक्तरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ती करता येते. पण हे सारे आधी कळले तरच. ज्यांचे नातलग मुंबईत आहेत त्यांना परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत वाहकाच्या तपासणीची चौकशी करता येईल.

ह्या शब्बाथला जेवण झाल्यावर घरच्या वडील बायकांना तीन प्रश्न विचारावेत. आपल्या घराण्यात सुंतेनंतर किंवा दात काढल्यावर कोणाचे रक्त थांबले नव्हते काय? कोणा मावशीला, आत्याला बाळंतपणात किंवा पाळीत फार रक्तस्राव झाला होता काय? लहानपणी गेलेल्या मुलांपैकी कोण कशाने गेले? मिळालेली उत्तरे कागदावर लिहावीत, आणि तो कागद घरातील वयात आलेल्या मुलामुलींच्या हाती द्यावा.